मोहर शाबूत, चौरंग बेपत्ता

१

लाखेची मोहर कोर्टाच्या रतिलाल नाझरांनी स्वतःच्या हातानं फोडली. कुलूप झुलाल बेलिफानं काढलं. दार उखर्डूनं ढकललं, कारण दार त्याचं होतं. आत डोकावायला मात्र अख्खं उंबरपिंप्री गाव पुढं सरसावलं. आत एक फुटका रांजण होता, सरकीच्या ढेपेचे काही तुकडे होते आणि नुकतीच व्यालेली एक मांजर होती. कोर्टानं जप्त केलेला सागवानी चौरंग नव्हता.

"साहेब," झुलाल म्हणाला, "बठ्ठं जिथलं तिथं शे. फक्त चौरंग नही."

नाझरांनी त्याच्याकडे पाहिलं. जप्तीच्या कामात हे 'फक्त' फार महत्त्वाचं असतं.

हे सगळं एका म्हशीमुळं झालं होतं. तोताराम पाटील हा त्या तापीकाठच्या गावचा केळीवाला. उन्हाळ्यात त्याची म्हैस चोरीला गेली, सापडली, आणि तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. वकिलानं विचारलं, "ही म्हैस तुमचीच, हे तुम्ही कशावरून ओळखता?" तोताराम म्हणाला, "मी काहाले ओळखू, तेच मले ओळखते," आणि बाहेर बांधलेली म्हैस पायऱ्या चढवून सरळ आत घेऊन आला. म्हशीनं त्याला ओळखलं की नाही याची कोर्टात नोंद नाही. साहेबांच्या दारावर ओला करून सोडलेला वाळ्याचा पडदा मात्र तिनं लांबूनच ओळखला, आणि खालपासून वरपर्यंत खाल्ला. चोराचं पुढं काय झालं ते आता कुणाला आठवत नाही. तोतारामला पंचवीस रुपये दंड झाला.

तोताराम म्हणाला, पडदा म्हशीनं खाल्ला, दंड म्हशीला करा.

पैसे त्याच्याकडं होते. त्या वर्षी केळीला भाव चांगला होता. पण दंड भरला म्हणजे म्हशीची चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. मग जप्तीचा हुकूम निघाला. झुलाल बेलीफ म्हैस जप्त करायला गेला. म्हशीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. झुलाल ओट्यावर चढला, ओट्यावरून घरात शिरला, आणि समोर दिसला तो नक्षीचा चौरंग यादीत लिहून मोकळा झाला. चौरंग ठेवला उखर्डूच्या कोठडीत. उखर्डूचा गावात तेलाचा घाणा. त्याचं आणि तोतारामचं बांधावरून वैर, तेव्हा दोघं संगनमत करणार नाहीत, हा हिशेब. कुलूप कोर्टाचं, किल्ली आणि मोहर बेलिफाकडं. उखर्डूनं फक्त सही करायची आणि राखण करायची. माल गेला तर जबाबदार तोच.

लिलाव होता मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी. नाझर आले ते आदल्या दिवशी, सोमवारी सकाळीच. आणि म्हणूनच हा घोळ उघडा पडला.

उखर्डू रडायलाच लागला.

"साहेब, मंग मले जेल?"

"लिलावाच्या वेळेपर्यंत चौरंग सापडला नाही, तर तसंच काहीसं," नाझर म्हणाले.

उखर्डू मांजरीकडं पाहत राहिला, जणू ती तरी काही सांगेल.

२

रतिलाल नाझर एक दिवस आधी का आले, हे त्यांनी कोर्टात कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं कारण वासाचं होतं.

त्यांचे आजोबा सुरतेकडून खान्देशात आले. नाझर जन्मले इथं, वाढले इथं, आणि खायला शिकले तेही इथंच. त्यांच्या शेजारच्या मंजुळाबाई आखाजीला त्यांना मांडे पाठवत, पोळ्याला पुरण पाठवत, थंडीत भरताचं अख्खं पातेलं भिंतीवरून सरकवत. श्रावणातल्या एका रविवारी मात्र त्यांचं दार बंद होई. त्या दिवशी घरात कानबाई बसे. नारळाला डोळे आणि नथ लावून मांडलेली ती देवी. तिच्यासाठी जाड कणकेचे रोट भाजले जात, आणि त्या खरपूस वासानं नाझर भिंतीच्या अलीकडं बसून वर्षानुवर्षं हैराण होत. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, सांडायचा नाही, टाकायचा नाही. काही घरांत तर सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा मिळत नाही. मग सुरतेकडच्या शेजाऱ्याची काय कथा.

या वर्षीचा वास त्यांना सोसला नाही. सोमवारी पहाटेची पहिली एस.टी. धरून ते सरकारी कामावर निघाले.

आता ते उखर्डूच्या ओट्यावर बसून चौकशी करत होते. कोठडीची पाहणी झाली होती. दाराच्या बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या. धाब्याला उजेडासाठी ठेवलेलं भोक मांजरीपुरतं. चौरंगाचा एक पायही त्यातून निघाला नसता.

"राखण केलीस ना?" त्यांनी उखर्डूला विचारलं.

"दारातच खाट टाकली व्हती साहेब. फक्त काल दुपारी घाण्यावर गेलो. लिलावासाठी बेलीफभाऊ आधीच आले व्हते, तेच म्हने, 'तू जाय, मी बठस इथं.' लय भला मानूस."

भला होता खरा. झुलाल मूळचा साक्रीकडचा. बोली वेगळी, गाव वेगळं, या मुलखात ओळख ना पाळख. म्हणून तर नाझर त्याला मुद्दाम इकडच्या जप्त्यांवर पाठवत. आडनाव त्याचंही पाटीलच. पण त्यावरून नातं काढायचं तर निम्मा जिल्हा भाऊबंद निघाला असता. भल्या मोठ्या मिशा, त्यांच्यामागं मऊ चेहरा. विडी असली तर अर्धी पुढं करणार, शेंगा असल्या तर मूठ पुढं करणार. पेन्शन आता हाताशी आलेली.

"झुलाल, मोहर कुणाच्या हाती लागली होती का? खरं सांग."

झुलाल दुखावला. त्यानं सदरा वर करून कडदोऱ्याला बांधलेली पितळी मोहर दाखवली.

"साहेब, मनी मोहर कमरलेच ऱ्हास. झोपामा बी. नोकरी लागनी तधळपाईन."

नाझरांनी मान हलवली. म्हणजे कुलूप शाबूत, मोहर शाबूत, किल्ली आणि मोहर दोन्ही एकाच माणसाकडं, आणि तो माणूस चौरंग चोरून करणार काय? विकला तर ओळखला जाईल; पकडला गेला तर पेन्शन जाईल. परक्या गावच्या परक्या चौरंगासाठी कोण एवढं करतं?

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि तोताराम पुढं आला. डोक्याला लाल मुंडासं, चेहऱ्यावर समाधान.

"नाझरसाहेब, उगीच याले छळू नका. चौरंग म्या चोरला. चला, कोठी नेता मले?"

३

उखर्डू पहिल्यांदा रडायचा थांबला.

"हा?" तो म्हणाला. "हा मले वाचवते? साहेब, मी विडी पेटवाले काडी मागतली तं यानं पेटी खिशात घातली व्हती. हा माह्यासाठी जेलात जाईन? खोटं हाये."

"तू गप बस रे. तुह्यासाठी कोन जाते?" तोताराम म्हणाला.

"मग कुणासाठी जाता?" नाझरांनी विचारलं.

तोताराम थोडा अडखळला. "सौतासाठी. माह्या मनानं."

"कुलूप कसं काढलं?"

"ते तुमी शोधा. पगार तुमाले भेटते."

"मोहर न मोडता आत कसे गेलात?"

"तेही तुमीच शोधा. मी कबूल करतो ते काय कमी हाये?"

नाझरांनी त्याला बसायला सांगितलं. पंचवीस रुपये भरायचे नाहीत म्हणून कोर्टाशी भांडणारा माणूस तुरुंगात जायला मात्र मुंडासं बांधून तयार होता. यात काहीतरी होतं. काय होतं ते अजून कळत नव्हतं.

चौकशीसाठी ते तोतारामच्या घरी गेले. दारात रांगोळी, आत बायकांची गाणी. तोतारामची बायको शेवंताबाई पदर खोचून कामात होती. मधल्या खोलीत कानबाई बसलेली. चार कोपऱ्यांना केळीचे खांब, मधे नथ घातलेली देवी, आणि तिच्याखाली हिरवं लुगडं जमिनीपर्यंत सोडलेलं. नाझरांनी जोडे काढून हात जोडले.

"अक्का, आई कशावर बसलीय?"

"पाटावर पाट रचले," शेवंताबाई म्हणाल्या. "बसाचा चौरंग तं तुमच्या कोर्टानं नेला. वर्साच्या वर्साले माह्या सासूची, तिच्या सासूची कानबाई त्याच्यावर बसे. ज्या दिवशी नेला त्या दिवशी मी शेतात व्हती. घरी अस्ती तं बेलीफभाऊले म्हशीपाशी बांधला अस्ता."

"लुगडं जरा वर केलंत तर..."

खोलीतली गाणी थांबली. सगळ्या बायका नाझरांकडं पाहू लागल्या.

"आज शिरवाची हाये ती," शेवंताबाई म्हणाल्या. नदीवर बोळवायची, असा त्याचा अर्थ. "बोळवल्याबिगर परक्याचा हात लागाचा नई. लावाचा अस्न तं लावा. पन मंग पुढचं तुमी न ती पाहून घ्या."

नाझरांनी हात मागं घेतला. कोर्टाच्या कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच तो मोडायची त्यांना छाती झाली नाही.

दुपारी शेवंताबाईंनी त्यांना ओट्यावर पान वाढलं. कळण्याची भाकर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर. आतून तोच वास येत होता, ज्याच्यापासून ते पहाटे पळून आले होते. त्यांनी खीर दोनदा मागितली आणि वासाबद्दल काही बोलले नाहीत. झुलालला पान मांडलं, तर तो म्हणाला, "माले भूक नही, साहेब," आणि घरामागं गेला.

हात धुवायला नाझर मागल्या अंगणात गेले, तेव्हा झुलाल गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उकिडवा बसला होता. जबडा हलत होता. एक तुकडा मातीत पडला. त्यानं तो उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. नाझर दिसताच दचकून उभा राहिला. मिशीत चार कण अडकलेले होते.

विडी अर्धी करून देणारा झुलाल आज तोंड मिटून उभा होता. त्यानं काही पुढं केलं नाही.

बिचारा, नाझरांच्या मनात आलं. उपाशी आहे आणि सांगायची लाज वाटते.

ते हात पुसत ओट्यावर आले, आणि हात पुसता पुसता तसेच थांबले.

४

नाझर काही वेळ खांबाला टेकून बसून राहिले. उखर्डूला वाटलं, खीर जड झाली.

नाझर मंजुळाबाईंच्या बंद दाराचा विचार करत होते. इतकी वर्षं भिंतीपलीकडून आलेल्या त्या वासाचा आता पहिल्यांदाच सरकारला उपयोग होत होता.

भूक नाही म्हणणारा माणूस चोरून खातो काय? तर असं काही, जे साहेबांच्या समोर खाता येत नाही, कारण समोर खाल्लं तर अर्धं पुढं करावं लागतं, आणि हे अर्धं पुढं करता येत नाही. मातीत पडलेला तुकडा कपाळाला लावून खातो कोण? ज्याला तो टाकायची मुभा नाही तो. झुलाल रोट खात होता. आणि या घरचा रोट खायला शेवंताबाईंनी दिला, म्हणजे त्या बाईनं आधी गाव, कुळ, आजा-पणजा सगळं विचारून घेतलं असणार. झुलाल परका नव्हता. साक्रीची बोली बोलणारा तो माणूस या घरचा भाऊबंद होता.

मग बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं. किल्ली आणि मोहर असलेल्या माणसाकडं कारण नव्हतं, ते कारण आता मिळालं. कुलूप त्यानंच काढलं, चौरंग त्यानंच दिला, मोहर त्यानंच पुन्हा लावली. रविवारी उखर्डूला घाण्यावर पाठवून. चोरी म्हणून नव्हे, उसना. सोमवारी देवी बोळवायची, रात्रीत चौरंग परत कोठडीत, मंगळवारी लिलाव. कुणाला काही कळलं नसतं, जर एक नाझर वासाला कंटाळून एक दिवस आधी आला नसता. आणि तोताराम तुरुंगात कुणासाठी जायला निघाला होता, तेही कळलं.

पण चौरंग आत्ता कुठं आहे?

तेवढ्यात ढोल वाजला. मधल्या खोलीतून शेवंताबाई बाहेर आल्या. डोक्यावर कानबाई, तिच्याखाली ते हिरवं लुगडं चहूबाजूंनी घट्ट गुंडाळलेलं. गाणी सुरू झाली. वाटेत बायकांनी फेर धरला, आणि शेवंताबाई देवी डोक्यावर घेऊन त्या फेरात चांगल्या गिरक्या घेऊ लागल्या. देवी जागची हलली नाही.

नाझर त्या गिरक्या पाहत राहिले. पाटांवर रचलेले पाट डोक्यावर घेऊन कुणाला नाचता येत नाही.

"उखर्डू," ते म्हणाले, "ऊठ. आपण नदीवर जाऊ."

"माल सापडला साहेब?"

"माल नाचतोय," नाझर म्हणाले आणि मिरवणुकीत सामील झाले.

५

तापीला पाणी बऱ्यापैकी होतं. बायका वाळूत फुगड्या घालत होत्या, ढोल जोरात होता. नाझरांनी शेवंताबाईंना पाण्याच्या कडेलाच गाठलं. मागोमाग तोताराम, झुलाल आणि उखर्डू आलेच.

"अक्का, लुगड्याला मी हात लावणार नाही," नाझर म्हणाले. "देवी उतरवाल तेव्हा खालचं लाकूड दिसेलच. तेवढा वेळ मी इथं वाळूत बसतो. फक्त एक सांगा, झुलालला रोट कुणी दिला?"

शेवंताबाईंचा तोल पहिल्यांदा जरासा गेला. झुलालचा हात नकळत मिशीकडं गेला.

"म्याच दिला," त्या म्हणाल्या. "ज्याचा हक्क त्याले दिला."

झुलाल पुढं आला. त्यानं कडदोरा सोडला, पितळी मोहर काढली आणि नाझरांच्या पायाशी वाळूत ठेवली.

"साहेब, जप्ती करी तधळ माले काही माहीत नव्हतं. मंग ह्या वहिनी चावडीवर वनात. रागे भरनात, रडनात, न मंग इचारं, तुमनं कुळ कोनतं, कानबाई कोना घरनी. मना आजा सांगे, 'आपली कानबाई तापीकाठे मोठा घरमा बठस. चौरंगले चार पोपट शेतस, न एक पोपटनी चोच मी लहानपने तोडेल शे.' आजा दुष्काळमा साक्रीकडे निंघी गया. मी यादी लिखी तधळ तो तुटेल पोपट मीच लिखा व्हता साहेब. 'एक पोपट बिगरचोचीचा.'"

हे मात्र खरं होतं. यादीत तसंच लिहिलेलं होतं, आणि नाझरांनी ते वाचून बेलिफाच्या नजरेचं कौतुकही केलं होतं.

"मनं घर बंद व्हयेल शे," झुलाल म्हणाला. "माय गयी तधळपाईन आमनाकडे कानबाई नही. इतला वर्षं मी रोट खादा नव्हता."

मग उखर्डू म्हणाला,

"आन मी सकाळपासून काय म्हनून रडू राह्यलो?"

"तुह्यासाठीबी तं म्या कबूल केलं," तोताराम म्हणाला.

"तू तं म्हनत व्हता माह्यासाठी नई."

"तुले सांगतलं अस्तं तं तू गावभर केलं अस्तं."

नाझरांनी वाळूतली मोहर उचलली आणि रुमालानं पुसली.

"आता कायदा ऐका," ते म्हणाले. "मी हे जसं घडलं तसं लिहिलं, तर झुलालची नोकरी जाते, पेन्शन जाते, आणि वर खटला. चौरंग सापडला नाही असं लिहिलं, तर उखर्डू आत. तोताराम, तुमची कबुली लिहिली, तर कोर्ट विचारेल मोहर कशी उघडली, आणि पुन्हा झुलालच. पण लिलावाआधी दंड भरला, तर जप्ती उठते. वस्तू मालकाची मालकाला परत. त्या वेळी ती कोठडीत असावी, की कुणाच्या डोक्यावर, याबद्दल कायदा काही बोलत नाही."

सगळे तोतारामकडं पाहू लागले. शेवंताबाई देवीसकट त्याच्याकडं वळल्या.

तोताराम नदीकडं पाहत होता. ही गोष्ट त्याला फार जड जात होती, हे पाठीवरूनही दिसत होतं. उन्हाळ्यापासून त्यानं नोटिसा परत पाठवल्या होत्या, चावडीवर भाषणं केली होती, म्हशीच्या बाजूनं अख्ख्या गावाशी वाद घातला होता. तो झुलालच्या सैल झालेल्या कडदोऱ्याकडं वळून पाहू लागला.

"म्हैस बरोबरच व्हती," तो अखेर म्हणाला. "हे लिहा आधी."

"लिहितो," नाझर म्हणाले.

"तिची काही चूक नव्हती."

"तसंही लिहितो."

तोतारामनं कंबरेची गाठ सोडली, पंचवीस रुपये काढले आणि नाझरांच्या हातात न देता वाळूत ठेवले; कोर्टाला हातानं द्यायचे नाहीत एवढं तरी त्यानं राखलं. नाझरांनी ते निमूटपणे उचलले आणि तिथंच पावती फाडली. मग मोहर झुलालच्या हातात दिली.

"बांध पुन्हा. आणि दोरा बदल. हा फार सैल आहे."

शेवंताबाईंनी पाण्यात उतरून लुगडं सोडलं. देवी तापीत गेली. चौरंग वर आला, ओला, चार पोपटांचा, त्यातला एक बिगरचोचीचा. झुलालनं तो डोक्यावर घेतला आणि कुणी सांगायच्या आत घराच्या वाटेला लागला.

नाझर मात्र जागचे हलले नाहीत. खांद्यावरचं उपरणं नीट केलं, घसा साफ केला. एका माणसाची नोकरी वाचली होती, एकाचा तुरुंग टळला होता, देवीचं आसन घरी चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपण मागू शकतो.

"अक्का, घरी एखादा रोट उरला असेल, तर नुसती चव..."

शेवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदर दोन्ही हातांत धरला.

"नाझरभाऊ, तुमी आमचा मानूस राखला. म्हैस मागा, दावनीतून सोडून देते. केळीचा बाग मागा, या वर्साचा माल तुमचा. जलमभर तुमचं नाव घेऊ." त्यांनी मान हलवली. "पन रोट नई."

नाझरांनी तोतारामकडं पाहिलं. कोर्टाला न भिणारा तोताराम वाळूत काहीतरी शोधू लागला. दूर चौरंग घेऊन चाललेल्या झुलालनं चाल वाढवली.

संध्याकाळच्या एस.टी.त नाझरांच्या मांडीवर एक भलंमोठं गंगाफळ होतं. अहवालात त्यांनी लिहिलं की दंड वसूल झाला, जप्त चौरंग मालकास परत केला, आणि म्हशीची वागणूक समाधानकारक आढळली.

पुढच्या श्रावणात झुलालनं रजेचा अर्ज दिला. कारण: घरगुती. नाझरांनी तो बराच वेळ समोर ठेवला, मंजुळाबाईंच्या भिंतीकडून येऊ घातलेल्या रविवारचा विचार केला, आणि खाली शेरा मारला:

"रजा मंजूर. परत येताना मिशा पुसून यावे."